गा खुशाल, पण नावं घ्या

महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात एका गृहस्थांनी मागणी केली आहे की, जुन्या मराठी गाण्यांची ‘कव्हर व्हर्शन’, म्हणजे दुसऱ्या कुणी नव्यानं गायलेली रूपं, कायद्यानं बंद करावीत. मूळ गाणं एकदा झालं, आता त्याला कुणी हात लावू नये, असा त्यांचा एकंदर सूर. त्यांचा संताप मला कळतो. गिटार मांडीवर घेऊन, डोळे मिटून, प्रत्येक ओळ कानात कुजबुजल्यासारखी म्हणणारी मुलं मीही मोबाइलवर पाहते आणि पुढं सरकवते. पण बंदीची भाषा मला मुळीच पटली नाही. ज्या गाण्यांसाठी ते इतके हळवे झालेत, त्यांतली निम्मीअधिक आपल्यापर्यंत पोचली तीच मुळी दुसऱ्या-तिसऱ्या गळ्यातून.

मी माहीमला राहते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून नोकरी केली. कानाला हेडफोन लावून दिवसभर माणसांचे आवाज ऐकायचे, हेच काम होतं. संगीत शिकलेली नाही. थोडी पेटी वाजवते, भजनी मंडळात साथीपुरती. तेव्हा हे पत्र जाणकाराचं नाही, पक्क्या श्रोत्याचं समजावं.

आधी गीतरामायण घेऊ, कारण पत्रलेखकांनी त्याचा दाखला ‘अस्सल’ म्हणून दिला आहे. गीतरामायण म्हटलं की बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, हे समीकरण मराठी माणसाच्या डोक्यात पक्कं बसलंय. पण 1955च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं तेव्हा दर आठवड्याला एक नवीन गाणं यायचं आणि ती 56 गाणी वेगवेगळ्या गायकांनी गायली होती. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके, लता मंगेशकर अशी त्यांत नावं आहेत. पुढं सुधीर फडक्यांनी सगळी गाणी एकट्यानं रंगमंचावर गायला सुरुवात केली आणि आपल्या घराघरात गेलं ते हे नंतरचं रूप. चाली त्यांच्याच होत्या, अधिकार त्यांचाच होता, मान्य. पण सीतेची, कौसल्येची गाणी एका पुरुषानं गाणं हे मूळ ध्वनिमुद्रणाहून वेगळंच होतं ना? मग आपण सगळे आयुष्यभर ‘कव्हर’च ऐकत आलो, आणि ते ऐकताना डोळे पुसत आलो.

नाट्यसंगीताचं तर विचारूच नका. तिथं पद एकाचं राहतच नाही. ‘कट्यार काळजात घुसली’ 1967 साली आलं, तेव्हा ‘घेई छंद मकरंद’ हे पद त्याच नाटकात दोन घराण्यांच्या दोन गायकांनी दोन तऱ्हांनी मांडलं होतं. एकीकडे प्रसाद सावकार, दुसरीकडे वसंतराव देशपांडे. म्हणजे संगीतकार अभिषेकीबुवांनी आणि नाटककार दारव्हेकर मास्तरांनी उत्तर-प्रत्युत्तर नाटकातच ठेवलं होतं. 2015 साली चित्रपट आला तेव्हा तीच जोडी शंकर महादेवन आणि राहुल देशपांडे यांच्या आवाजांत पुन्हा लागली. नातू आजोबांची जागा घेतोय आणि समोर चेंबूरला वाढलेला तमिळ कुटुंबातला गायक मराठी नाट्यपद म्हणतोय. आमच्या घरात तेव्हा दोन तट पडले होते. मी राहुलच्या बाजूनं होते. पण त्या चित्रपटामुळं माझ्या भाच्यानं मूळ वसंतराव शोधून ऐकले, ही गोष्ट बंदीवाल्या गृहस्थांनी लक्षात घ्यावी.

आणि कुमार गंधर्व. त्यांनी बालगंधर्वांची पदं गायली आणि कार्यक्रमाला नाव दिलं ‘मला उमजलेले बालगंधर्व’. नक्कल म्हणून ऐकायला जाल तर एकही सूर बालगंधर्वांसारखा लागत नाही. ज्या जागी बालगंधर्व लडिवाळ थांबतात तिथं कुमारजी झपकन उडी मारून वर जातात. जुने गंधर्वभक्त नाराज झालेच असणार. माझ्या सासऱ्यांना ते अजिबात आवडत नसे, ते रेकॉर्ड लागली की गॅलरीत जाऊन उभे राहायचे. मला मात्र बालगंधर्व त्या तबकडीमुळंच कळले. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या खरखरीतून माझ्या कानाला काही धरायलाच सापडत नव्हतं, ते कुमारजींनी हाताशी आणून दिलं.

आता माझ्या आवडीचा भाग, द्वंद्वगीतं. त्यातही ज्यांच्या जोडीचा स्वप्नातही विचार केला नसता अशी.

‘मी डोलकर’ घ्या. शब्द शांता शेळक्यांचे, त्या पुणेकर. चाल हृदयनाथ मंगेशकरांची. कोळी तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, तोंडचं गाणं, आणि गायला कोण, तर हेमंतकुमार. रवींद्रसंगीत गाणारा, धोतर नेसणारा, आवाजात सदैव जरा धुकं असलेला बंगाली बाबू. कागदावर ही जोडी कुणी मांडली असती तर मीच हसले असते. पण ऐकून बघा. कोळीगीत म्हटलं की आपले गायक छाती काढून ओरडायला लागतात, तसं हेमंतदा एका जागीही करत नाहीत. आमच्याकडच्या कोळीवाड्यातले एक म्हातारे तांडेल मला म्हणाले, “बाई, बाकीचं लोकं किनाऱ्यावर उभं ऱ्हाऊन गातान, ह्यो माणूस व्हडीत बसून गातंय.” इतकं नेमकं परीक्षण मी कुठल्या समीक्षकाकडून वाचलेलं नाही. आणि मग लताबाईंचा आवाज त्यात शिरतो तो एकदम उन्हासारखा. पुढं 1976 साली ‘हा खेळ सावल्यांचा’मध्ये हृदयनाथांनी हेमंतकुमारांना पुन्हा बोलावलं, या वेळी आशाबाईंबरोबर, सुधीर मोघ्यांच्या ‘गोमू संगतीनं’साठी. एकदा जमलं म्हणून पुन्हा केलं, आणि पुन्हा जमलं.

याच ‘डोलकर’चं मला सर्वांत आवडणारं कव्हर कुठल्याही ॲपवर नाही. कोळीवाड्यात हळदीला बेंजो पार्टी येते, तिच्याकडं आहे. शब्द नाहीत. हेमंतदांची ओळ बेंजोवर, लताबाईंची ओळ कीबोर्डवर, मागं ढोल-ताशा. बेंजोवाला पोरगा वाहतुकीच्या आवाजावर मात करायची म्हणून प्रत्येक स्वर दोनदोनदा छेडतो, आणि त्यामुळं त्या संथ गाण्याला नाचायची लय आपोआप येते. करवल्या पिवळ्याधमक झालेल्या असतात, बाया नऊवारीचा काष्टा खोचून नाचत असतात. शांताबाई, हृदयनाथ, हेमंतदा यांतलं एकही नाव तिथं कुणी घेत नाही, आणि तिथं मी मागणारही नाही. हळदीत कुणी निवेदन करतं का? माझी तक्रार आहे ती तिकीट लावून खुर्चीत बसवणाऱ्यांबद्दल. त्याच्याकडं येतेच.

‘शुक्रतारा मंद वारा’, साल 1962. पाडगावकरांचे शब्द, खळ्यांची चाल. अरुण दाते इंदूरचे आणि सोबत सुधा मल्होत्रा, हिंदी चित्रपटांतल्या पार्श्वगायिका. म्हणजे मराठी प्रेमगीतांचा मुकुटमणी समजलं जाणारं गाणं इंदूरहून आलेल्या एकानं आणि मराठी मातृभाषा नसलेल्या एकीनं गायलं. या सुधाबाई साध्यासुध्या नव्हेत. ‘दीदी’ (1959) या चित्रपटाचे संगीतकार होते एन. दत्ता, पण त्यातलं ‘तुम मुझे भूल भी जाओ’ हे गाणं सुधाबाईंनी स्वतः बांधलं आणि मुकेशबरोबर गायलं. साहिरचे शब्द, बाईची चाल. 2013 साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या ओळखीत निम्म्या लोकांनी विचारलं, ‘या कोण?’

तिसरी जोडी मोहम्मद रफी आणि पुष्पा पागधरे. ‘अगं पोरी संभाल’ हे पुन्हा कोळी ढंगाचंच, वंदना विटणकरांचं गीत, श्रीकांत ठाकऱ्यांचं संगीत. रफीसाहेबांनी गायलेली बरीचशी मराठी भावगीतं श्रीकांतजींनीच गाऊन घेतली. या गाण्यात रफी मजेत आहेत, जरा खोडकर आहेत, आणि समोर पुष्पाताई तसूभरही दबत नाहीत. माझा ऑपरेटरचा कान असं सांगतो की, दोन माणसं खरोखर एकमेकांशी बोलतायत की आपापलं भाषण करतायत हे पहिल्या चार शब्दांत कळतं. इथं ती बोलतायत. हल्लीच्या द्वंद्वगीतांत नायक मंगळवारी गाऊन जातो, नायिका पुढच्या महिन्यात येते, दोघांची भेट संगणकात होते. काही वेळा छानही होतं. पण ऐकताना मला राहून राहून वाटतं की पलीकडून फोन कुणी उचललेलाच नाही.

याच पुष्पाताईंनी सुषमा श्रेष्ठ यांच्याबरोबर ‘अंकुश’ (1986) चित्रपटात ‘इतनी शक्ति हमें देना दाता’ गायलं. मुंबईतल्या किती शाळांत ती प्रार्थना रोज सकाळी होते! नातवाच्या शाळेत स्नेहसंमेलनाला गेले होते, तिथं संगीताच्या बाईंना विचारलं, ‘मूळ कुणी गायलंय माहीत आहे का?’ त्या म्हणाल्या, ‘लताजींनीच ना?’ सगळं चांगलं लताबाईंच्या खात्यावर जमा करायची आपल्याला खोडच आहे. सुमन कल्याणपूरांनी तर हे आयुष्यभर सोसलं. साठच्या दशकात रॉयल्टीच्या प्रश्नावरून लता-रफी एकत्र गात नव्हते, तेव्हा रफींबरोबर सुमनताईंची किती गाणी झाली. ‘ब्रह्मचारी’तलं ‘आजकल तेरे मेरे प्यार के चर्चे’ आजही लग्नाच्या वरातीत वाजतं. हेमंतकुमारांबरोबरचं ‘ना तुम हमें जानो’ घ्या. रेडिओवरसुद्धा त्यांच्या गाण्यांना लताबाईंचं नाव लागायचं. 2023 साली पद्मभूषण मिळालं, बरं झालं, पण त्या बातमीखालीही ‘हे गाणं लताचं नाही?’ असं विचारणारे होतेच.

किशोरकुमार आणि अनुराधा पौडवाल यांचं ‘अश्विनी ये ना’ (‘गंमत जंमत’, 1987) सर्वांना ठाऊक आहे, त्यावर वेगळं लिहीत नाही.

आशाबाईंबद्दल मात्र एक वाक्य हवंच. या बाईंनी ब्रिटिश पॉपगायक बॉय जॉर्जबरोबर गायलं, क्रोनोस क्वार्टेट या अमेरिकन तंतुवाद्य चमूबरोबर आर. डी. बर्मनची गाणी नव्यानं गायली आणि 2006 साली ब्रेट लीबरोबर गायलं. होय, तोच, दीडशेच्या वेगानं चेंडू टाकणारा. गाणं काही फार ग्रेट नाही. पण सत्तरी ओलांडल्यावर ऑस्ट्रेलियन फास्ट बोलरबरोबर द्वंद्वगीत करायला जो मोकळेपणा लागतो तो बंदी मागणाऱ्यांत कुठून येणार?

आता आमच्या मंडळाबद्दल. रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही सगळे निवृत्त जमतो. एक स्पीकर, दोन माइक, मोबाइलवर कराओके ट्रॅक. मुंबईत असे गट आता गल्लोगल्ली झालेत, त्याची चेष्टाही होते. होऊ दे. पण द्वंद्वगीत किती कठीण असतं हे मला तिथं कळलं. बायका साधारण पेटीच्या काळी चार-काळी पाच या पट्टीत गातात, पुरुष काळी एक-दोनमध्ये. ट्रॅक मूळ पट्टीतच येतो. रफी वर चढले म्हणून आमचे पेन्शनर कसे चढणार? मग ते म्हणतात, ‘ट्रॅक दोन सूर खाली घ्या.’ घेतला की अंतऱ्यात बाईचा खालचा स्वर घशातच राहतो, नुसती हवा ऐकू येते. कुणी तरी एकानं सोसायचं असतं. जुन्या संगीतकारांनी हा हिशेब प्रत्येक गाण्यात कसा सोडवलाय ते ऐकण्यासारखं आहे. बाईला मुखडा वरचा द्यायचा, पुरुषाला अंतरा मध्य सप्तकात फिरवायचा, दोघं एकत्र येतील तिथं ओळ लहान ठेवायची. ऐकताना हे कधी जाणवतसुद्धा नाही. गायला उभं राहिलं की पाचव्या सेकंदाला कळतं.

आमच्याकडं केरळच्या एक निवृत्त परिचारिका आहेत. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. त्यांना ‘डोलकर’ गायचं होतं. जोडीला मगाशी सांगितलेले तांडेल. सिस्टरनी शब्द मल्याळम लिपीत वहीत उतरवले होते, श्वास कुठं घ्यायचा तिथं लाल पेनानं टिंब. तांडेलांना कागद लागत नाही आणि ट्रॅकही लागत नाही, ते मनात येईल त्या पट्टीत सुरू करतात आणि मग मोबाइलवाल्यानं धावत त्यांना गाठायचं. पहिल्यांदा गोंधळ झाला, दुसऱ्यांदाही झाला. मग सिस्टरनी ट्रॅक बंद करायला लावला आणि मला पेटी धरायला सांगितली. त्या गायल्या आणि आम्ही सगळे बघतच राहिलो, कारण त्यांचा ‘ळ’! मल्याळममध्ये ळ आहे, त्यामुळं चोळी, पिवळी असले शब्द त्यांच्या तोंडून असे येतात की दादर-पार्ल्याच्या इंग्रजी शाळेतल्या आमच्या नातवंडांना लाज वाटावी. तांडेल मधेच थांबले, ‘आयला’ म्हणाले आणि पुन्हा सुरू झाले. आता मला सांगा, हे कव्हर कुठल्या कलमाखाली बंद करायचं?

कलमावरून आठवलं. पत्रलेखकांना कायदा हवा आहे, तो आहेच. कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती होऊन 31सी हे कलम आलं. त्याप्रमाणं मूळ ध्वनिमुद्रणाला पाच कॅलेंडर वर्षं उलटल्याशिवाय कव्हर काढता येत नाही, दर वर्षी किमान 50,000 प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते, आणि हे कव्हर व्हर्शन आहे असं वेष्टनावर छापावं लागतं. मूळ गायकाचं नाव किंवा छबी मात्र वेष्टनावर वापरायची नाही, कारण गिऱ्हाइकाची फसवणूक होते. ही तरतूद का आली ते माझ्या पिढीला सांगायला नको. ऐंशीच्या दशकात फुटपाथवर स्वस्त कॅसेटी मिळायला लागल्या. वर नट-नट्यांची चित्रं, मोठ्या अक्षरांत चित्रपटाचं नाव, आणि गाणारं कुणी भलतंच. मी अशीच एक कॅसेट घेतली होती, घरी लावली, पहिल्याच तानेला ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. कंपनीचं नाव आता घेत नाही. पुढच्या काळात सोनू निगम, कुमार सानू, अनुराधा पौडवाल यांनीही जुन्या गायकांची गाणी गाऊन कॅसेटी काढल्या, हेही खरं. शिकण्याची ती एक शाळाच होती म्हणायची.

त्यानंतर रिमिक्सची लाट आली. ‘समाधी’तलं लताबाईंचं ‘काटा लगा’ 2002 साली ज्या रूपात परत आलं, ते माझ्या वयाच्या बायकांना मोठ्या आवाजात लावताही येत नव्हतं. 2018 साली लताबाईंनी स्वतः समाजमाध्यमावर याविषयी खंत लिहून व्यक्त केली होती. पण ‘कव्हर म्हणजे वाईट’ असं त्यांचं म्हणणं होतं, हे मी मान्य करणार नाही. कारण 1992 साली याच लताबाईंनी ‘श्रद्धांजली’ केली होती. सैगल, पंकज मलिक, गीता दत्त, रफी, किशोर, मुकेश, हेमंतकुमार यांची गाणी त्यांनी आपल्या आवाजात गायली. आणि नुसती गायली नाहीत. त्या आधी बोलतात. हे कोण, त्यांच्याशी माझं काय नातं, असं सांगतात आणि मग गातात. त्यांच्यापेक्षा मोठं कुणी नव्हतं, तरी दुसऱ्याचं गाणं घेताना त्यांनी दुसऱ्याचं नाव आधी घेतलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. गा. हवं तसं गा. पट्टी बदला, ठेका बदला, गिटार आणा, बेंजो आणा, ‘झिंगाट’सारखं मराठीचं हिंदी करा (अजय-अतुलनी स्वतःच्या चालीचं स्वतःच केलं, तरी मला ‘सैराट’चंच आवडतं), ‘कोंबडी पळाली’ची ‘चिकनी चमेली’ करा. पण कवी, संगीतकार आणि पहिला गायक, तिन्ही नावं सांगा.

आकाशवाणीवर ही रीत होती. ‘आपली आवड’ लावलं की फर्माईश करणाऱ्यांची लांबलचक यादी व्हायची, आम्ही वैतागायचो, पण मग गीत कुणाचं, संगीत कुणाचं, गायक कोण हे स्वच्छ आवाजात यायचं. मला जी काही नावं पाठ आहेत ती तिथूनच. हल्ली आंतरजालावर ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ ते काम चोख करतं, प्रत्येक गाण्याखाली गीत-संगीत-स्वर लिहिलेलं. त्यांना माझा दंडवत. ॲपवर मात्र गाणं लावलं की गायकाचं नाव ठळक, कवी शोधायला तीन ठिकाणी बोट लावावं लागतं आणि कित्येकदा तिथंही नसतोच.

आणि कार्यक्रमांचं काय सांगू! मध्यंतरी एका नाट्यगृहात भावगीतांची मैफल ऐकली. तिकीट 500 रुपये. निवेदक सूत्रसंचालन कसला करतो, बायको आणि मोबाइलवरचे विनोद सांगतो. ‘शुक्रतारा’ सुरू व्हायच्या आधी म्हणाला, ‘आता अरुण दातेंचं अजरामर गाणं!’ सुधाबाई नाहीत, खळे नाहीत, पाडगावकर नाहीत. गाणारी मुलगी गुणी होती हो. सुधाबाईंच्या आवाजातला किंचितसा परकेपणा तिनं उचलला नाही, स्वतःच्या सरळ आवाजात गायली, मला फार आवडलं. टाळ्या वाजवताना शेजारच्या बाईंनी नवऱ्याला विचारलं, ‘मूळ लताचं ना?’ तो म्हणाला, ‘आशाचं असेल.’ मध्यंतरात मी विंगेत जाऊन निवेदकाला गाठलं. तो म्हणाला, ‘काकू, लोकांना नावांत इंटरेस्ट नसतो, वेळ जातो.’ तीन नावं घ्यायला किती वेळ लागतो ते मी त्याला तिथंच म्हणून दाखवलं. पुढच्या भागात त्यानं दोन गाण्यांची नावं घेतली, तिसऱ्यापासून पुन्हा बायको.

तेव्हा आयोजकांना विनंती आहे की, गाण्यांची यादी छापत नसाल तर निदान मागच्या पडद्यावर दाखवा. पडद्यावर फुलं, चंद्र आणि धबधबे दाखवायला जागा असते, तिथंच तीन ओळी लिहिता येतील. वाहिन्यांच्या स्पर्धांत परीक्षकांची कपडेपट्टी प्रायोजित करणाऱ्या दुकानाचं नाव पडद्यावर येतं, कवीचं येत नाही, ते आणावं. कव्हर करणाऱ्या मुलामुलींनी व्हिडिओच्या खाली टाकावं, त्याला पैसे पडत नाहीत. शाळेतल्या संगीत शिक्षकांनी प्रार्थना शिकवताना फळ्यावर लिहावं.

आणि संपादक महोदय, थोडं आपल्याकडंही. आपल्या शनिवारच्या ‘आज मुंबईत’ या सदरात कार्यक्रमांच्या बातम्या येतात, ‘जुन्या अवीट गीतांचा नजराणा’ अशा. नजराणा कुणाचा, ते छापलंत तर जागा फार जाणार नाही. बातमी पाठवणाऱ्या आयोजकाकडं कवी-संगीतकारांची नावं मागा, नसतील तर बातमी परत पाठवा. एकदोनदा परत गेली की तिसऱ्यांदा नावांसकट येते, हा माझा ट्रंक कॉलच्या जमान्यापासूनचा अनुभव आहे.

कळावे,
आपली,
माहीमची एक वाचक
(नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी सोबत दिला आहे.)

ता. क. — ‘अश्विनी ये ना’ एका ओळीत उरकलं म्हणून आमच्या घरातून तीव्र निषेध नोंदवण्यात आला आहे. गीत शांताराम नांदगावकर, संगीत अरुण पौडवाल, हे तरी लिही, असं बजावलंय. लिहिलं.